मूल कोणत्या खात्याचं?

मुलाला चष्मा लागला तर त्याचं दप्तर शिक्षण खात्यातच राहतं. नजर पूर्ण गेली आणि आईवडिलांनी अंधशाळेत घातलं, की तेच दप्तर दुसऱ्या खात्यात जातं. महाराष्ट्रातल्या विशेष शाळा, म्हणजे अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग, मतिमंद अशा जुन्या पाट्या लावलेल्या शाळा, कित्येक दशकं आधी समाजकल्याण आणि मग सामाजिक न्याय खात्याखाली चालल्या. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला, तेव्हा त्या तिकडे गेल्या. शालेय शिक्षण विभागाकडे त्या तेव्हाही आल्या नाहीत. तिथे शिकवणारी बाई शिक्षिकाच असते, बाराखडी तीच, दहावीची परीक्षाही त्याच मंडळाची. तरी कागदोपत्री ती शाळा कल्याणात मोडते.

दिव्यांग मुलांच्या शिक्षणहक्काचा इतिहास वाचताना मला तो कायम या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो: हे मूल कोणत्या खात्याचं? अपंगाचा दिव्यांग झाला, कायद्यांची नावं बदलली, टक्के बदलले. पण जिथे खरोखर काही हललं, तिथे मुलाची फाईल कल्याणाच्या टेबलावरून शिक्षणाच्या टेबलावर गेली म्हणून हललं. जिथे अडलं, तिथे ती दोन टेबलांच्या मधल्या फटीत पडून राहिली.

सुरुवातीला टेबलच नव्हतं. मुंबईत मूकबधिर मुलांची शाळा १८८० च्या दशकात कॅथलिक धर्मगुरूंनी काढली. अंध मुलांसाठी १८८७ मध्ये अमृतसरला ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी शाळा सुरू केली. १९०० मध्ये, दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलर्ड यांनी मुंबईत अंध मुलांची शाळा काढली, तीच आजची दादरची अंधशाळा. या शाळा दयेतून निघाल्या, आणि त्या काळात दयेशिवाय दुसरं काही उपलब्धही नव्हतं. त्या दयेने हजारो मुलांना ब्रेल दिली, वेतकाम दिलं, पेटी-तबला दिला. तिला हिणवायचं मला काही कारण दिसत नाही.

मिशनऱ्यांनंतर आया आल्या. १९४४ मध्ये मुंबईत जय वकील यांनी बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांची शाळा सुरू केली, ती स्वतःच्या मुलीला घेणारी शाळा सापडेना म्हणून. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईतच स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. त्यांची मुलगी मालिनी चिब हिला सेरेब्रल पाल्सी. बुद्धी तल्लख, पण हातपाय आणि जीभ ताब्यात नाहीत, एवढ्यावरून इथल्या डॉक्टरांनी आणि शाळांनी तिच्या शिक्षणावर काट मारली होती. पुढे याच मालिनीने एका बोटाने टंकन करत आत्मचरित्र लिहिलं. नाशिकमध्ये १९७७ साली रजनीताई लिमये यांनी प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं, त्याही अशाच एका मुलाच्या आई. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्ह्याच्या गावी विशेष शाळेची जन्मकथा विचारा, दहापैकी निम्म्या वेळा ती अशीच निघेल: शाळेने मूल परत पाठवलं, आईने शाळा काढली. सरकार मागाहून आलं. अनुदान घेऊन आलं, आणि ते समाजकल्याणाच्या खिडकीतून आलं. तिथूनच त्या शाळा त्या खिडकीशी बांधल्या गेल्या.

हे नुसतं कारकुनी अपघातातून झालेलं नाही. त्याचं मूळ थेट राज्यघटनेत आहे. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत आणि सक्तीचं शिक्षण द्यायचा प्रयत्न राज्य करील, असं मूळ अनुच्छेद ४५ म्हणत होता. ‘सर्व’ या शब्दात दिव्यांग मूल आपोआप येतं. पण अपंगत्वाचा उल्लेख शोधायला गेलं, तर तो सापडतो सातव्या परिशिष्टातल्या राज्यसूचीत, नवव्या नोंदीत. ती नोंद आहे अपंग आणि काम करू न शकणाऱ्यांना साहाय्य देण्याबद्दलची. शिक्षण त्याच सूचीत दोन ओळी खाली, अकरावी नोंद. ती १९७६ मध्ये बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेली. नववी नोंद जागची हलली नाही. घटनाकारांच्या मनात काही वाईट होतं असं मी म्हणत नाही. त्या काळच्या जगाची समजच तेवढी होती. पण त्या दोन ओळींच्या अंतरात पुढची सत्तर वर्षं मुलं अडकली.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) हे ओळखलं होतं. अपंग मुलांचं शिक्षण हा सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचा अविभाज्य भाग असला पाहिजे, असं त्या अहवालात स्पष्ट आहे, आणि सामान्य शाळेत जितकी सामावता येतील तितकी मुलं सामावून घ्या असाही आग्रह आहे. यानंतर १९७४ मध्ये केंद्राची एकात्मिक शिक्षण योजना आली. अपंग मुलाने साध्या शाळेत जावं, त्याला पुस्तकं, गणवेश, प्रवासभत्ता, उपकरणं मिळावीत, शाळेला विशेष शिक्षक मिळावा, अशी तिची रचना. चांगली योजना होती. फक्त ती राबवायला दिली समाजकल्याण मंत्रालयाला. शाळा एका मंत्रालयाच्या, मुलांचे भत्ते दुसऱ्याचे. मुख्याध्यापकांना ज्या खात्याचा आदेश बंधनकारक, त्या खात्याकडून आदेश येईना. आठ वर्षांनी, १९८२ मध्ये, ती योजना शिक्षण खात्याकडे आली आणि मग तिला थोडी गती मिळाली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सौम्य अपंगत्वाच्या मुलांना इतरांबरोबर आणि तीव्र अपंगत्वाच्या मुलांना जिल्ह्याच्या ठिकाणी निवासी विशेष शाळेत, अशी वाटणी केली. सौम्य कोण आणि तीव्र कोण, हे ठरवायचं मात्र डॉक्टरने.

इथे थोडं बाहेर पाहायला हवं, कारण नेमका हाच पेच दोन देशांनी याच सुमारास सोडवला आणि दोघांच्या रीती वेगळ्या होत्या.

इंग्लंडमध्ये १९७० पर्यंत काही मुलांवर ‘शिक्षणास अयोग्य’ असा रीतसर शिक्का बसत असे. तो बसला की मूल शिक्षण प्राधिकरणाच्या यादीतून कमी होई आणि आरोग्य प्राधिकरणाच्या यादीत जाई. तिथे त्याच्यासाठी शाळा नसे, प्रशिक्षण केंद्र असे. तिथल्या माणसांना शिक्षक म्हणायचं नसे. १९७० च्या कायद्याने ही शिक्क्याची तरतूदच काढून टाकली, आणि एप्रिल १९७१ पासून ही सगळी मुलं शिक्षण प्राधिकरणांची झाली. एका तारखेला केंद्रांच्या शाळा झाल्या. कायदा लहानसा, पण त्याचा अर्थ मोठा होता: शिकू न शकणारं मूल ही वर्गवारीच रद्द. १९७८ चा वॉर्नॉक समितीचा अहवाल आणि १९८१ चा कायदा त्या पायावर उभे राहिले.

अमेरिकेत वाट न्यायालयातून गेली. १९५४ च्या ब्राऊन खटल्याने कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी तोच युक्तिवाद हेरून ठेवला. पेनसिल्व्हेनियातल्या पालक संघटनेने १९७१ मध्ये राज्याला न्यायालयात खेचलं. त्यांचे वकील टॉमस गिलहूल यांचा स्वतःचा भाऊ एका सरकारी संस्थेत राहिलेला. राज्याने शेवटी तडजोडीने मान्य केलं, की प्रत्येक मूल शिकू शकतं आणि त्याला शिक्षण द्यावंच लागेल. पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो पुढच्या वर्षीचा, १९७२ चा, राजधानी वॉशिंग्टनमधला मिल्स खटला. सात मुलांच्या वतीने दाखल झालेला. शाळा मंडळाने बाजू मांडली: करायचं आहे हो, पण पैसा नाही. न्यायाधीश जोसेफ वॉडी यांनी ती बाजू मान्य केली नाही. पैसा कमी असेल तर तो सगळ्यांमध्ये वाटून खर्च करा. तुटवड्याचा भार एकट्या अपंग मुलावर टाकता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. १९७३ मध्ये पुनर्वसन कायद्याचं कलम ५०४ आलं आणि नोव्हेंबर १९७५ मध्ये अध्यक्ष फोर्ड यांनी सर्व अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. देशात ऐंशी लाखांवर अपंग मुलं आहेत, त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांना योग्य शिक्षण मिळत नाही आणि दहा लाख मुलं शाळेबाहेरच आहेत, असं खुद्द त्या कायद्याच्या प्रारंभी नोंदवलेलं आहे. प्रत्येक मुलासाठी लेखी वैयक्तिक शिक्षण आराखडा, तो बनवताना पालकांचा आवाज, आणि पटलं नाही तर सुनावणीचा हक्क, ही त्या कायद्याची खरी दौलत. वाढीव खर्चाचा चाळीस टक्के वाटा केंद्र उचलील असं वचन त्यात होतं, ते आजवर पुरं झालेलं नाही. तरीही आई शाळेच्या टेबलापाशी बसते आणि आराखड्याच्या प्रत्येक ओळीवर प्रश्न विचारू शकते, हे तिथे पन्नास वर्षं चालू आहे.

आपल्याकडे यातलं काय आलं?

डिसेंबर १९९५ मध्ये संसदेने अपंग व्यक्ती (समान संधी, हक्कांचे संरक्षण व संपूर्ण सहभाग) कायदा संमत केला. त्याआधी अपंगांच्या हक्कांसाठी लढणारे जावेद अबिदी आणि त्यांचे सहकारी दिल्लीत रस्त्यावर उतरले होते. अधिवेशन संपत आलेलं, गोंधळ चाललेला, अशात विधेयक चर्चेविना मंजूर झालं. आणखी एक तांत्रिक पण बोलकी गोष्ट. अपंगत्व हा राज्यसूचीतला विषय, मग संसदेने कायदा केला कसा? त्यासाठी १९९२ च्या बीजिंग परिषदेतल्या आशिया-पॅसिफिक घोषणेचा आधार घेतला गेला. आंतरराष्ट्रीय वचन पाळायला संसद कोणत्याही विषयावर कायदा करू शकते. म्हणजे घटनेतली ती नववी नोंद ओलांडायला बीजिंगचा वळसा घालावा लागला.

त्या कायद्याच्या २६ व्या कलमाने प्रत्येक अपंग मुलाला अठरा वर्षं वयापर्यंत योग्य वातावरणात मोफत शिक्षणाचा हक्क दिला. हे मोठं होतं. शिक्षणहक्काचा कायदा यायला अजून चौदा वर्षं होती. कागदावर पाहिलं तर अपंग मुलाला हा हक्क इतर मुलांच्या आधी मिळाला. पण कायद्यात अपंगत्वाचे फक्त सात प्रकार होते. स्वमग्नता त्यात नाही, अध्ययन अक्षमता नाही. आणि सार्वजनिक इमारतींतले उतार, रेल्वे-बसमधल्या सोयी यांच्या कलमांना एक शेपूट जोडलं होतं: आर्थिक कुवतीच्या आणि विकासाच्या मर्यादेत. अमेरिकी न्यायाधीशाने १९७२ मध्ये जी सबब फेटाळली, ती आपण १९९५ मध्ये कायद्यातच लिहून ठेवली. शाळांच्या दारातल्या पायऱ्या त्या शेपटावर पुढे पंधरा-वीस वर्षं टिकल्या.

१९९९ मध्ये राष्ट्रीय न्यास कायदा आला. त्याने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांना नाव दिलं. त्याचा भर मुख्यतः पालकत्वावर, आमच्यानंतर याचं काय, या आईबापांच्या प्रश्नावर. शाळेत त्याचा फारसा उपयोग नव्हता.

शाळेत उपयोग झाला तो परीक्षेच्या नियमांचा. यावर थोडं थांबते, कारण या सगळ्या विषयाशी माझी ओळख परीक्षेच्या बाकावरच झाली. मी आठवीत असताना दहावीच्या एका अंध मुलाची लेखनिक होते. लेखनिक खालच्या इयत्तेतला हवा, हा नियम. वसतिगृहातून आलेला, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, शांत मुलगा. मराठीचा पेपर. मी प्रश्न वाचला: अधोरेखित शब्दांबद्दल काही विचारलं होतं. शब्दाखालची रेघ आवाजात कशी दाखवायची? मी त्या शब्दांवर जोर देऊन वाचले, तर पर्यवेक्षक लगबगीने आमच्याकडे आल्या. त्यांना वाटलं मी उत्तर सुचवते आहे. निबंध तो एकटाकी सांगत गेला. स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं तोंडी. मला त्याच्या वेगाने लिहिता येईना. मध्येच एक शब्द माझ्याकडून ऱ्हस्व झाला, तो दीर्घ हवा होता. हे मला घरी आल्यावर कळलं. त्याच्या शुद्धलेखनाचे गुण माझ्या हाताने गेले होते, आणि ते मला त्याला कधी सांगता आलं नाही. भूगोलाच्या पेपरात नकाशा भरायचा प्रश्न आला, तेव्हा मी गांगरले. तो म्हणाला, “ते सोड, खाली कंसात बघ.” खाली छापलं होतं: फक्त अंध विद्यार्थ्यांसाठी. त्याला ते पाठ होतं.

त्या कंसातल्या ओळीमागे किती पत्रं, किती निवेदनं, किती हेलपाटे असतील याची मला तेव्हा कल्पना नव्हती. परीक्षेतल्या सवलती या हक्कांच्या इतिहासातला सगळ्यात कमी गौरवलेला आणि सगळ्यात उपयोगी पडलेला भाग आहे. महाराष्ट्राने इथे मान उंच करावी असं एक काम केलं. १९९६ मध्ये राज्य सरकारने अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली: जादा वेळ, लेखनिक, एका भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन सुरू झाली. केंद्रीय कायद्याने अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली ती २०१६ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी. शिक्षण खातं मनावर घेतं तेव्हा काय होऊ शकतं, याचा हा पुरावा.

याच यशाची दुसरी बाजूही आहे. ही सवलत मिळवायला प्रमाणपत्र लागे आणि ते देणारी केंद्रं बराच काळ मुंबईतल्या मोजक्या रुग्णालयांत होती. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाचा विभाग त्यात अग्रेसर. चाचण्या मुख्यतः इंग्रजीतून. ‘पोट’ आणि ‘पेट’ यांत गोंधळणाऱ्या, जोडाक्षरापाशी अडणाऱ्या, वेलांटीची दिशा चुकणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलाला मोजायला इंग्रजी शब्दांची यादी काय कामाची? राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही चाचणीसंच तयार केला तो २०१५ च्या सुमारास. २००७ च्या ‘तारे जमीं पर’ने डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी नेला, पण गडहिंग्लजच्या किंवा किनवटच्या शाळेतलं तसं मूल ‘ढ’च राहिलं.

आता २००९ चा शिक्षणहक्क कायदा. २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झालं, अनुच्छेद २१-क आला, आणि एप्रिल २०१० पासून कायदा लागू झाला. सहा ते चौदा वयोगटातलं प्रत्येक मूल. या ऐतिहासिक कायद्यात दिव्यांग मुलासाठी काय होतं? एक परंतुक: त्याचा हक्क १९९५ च्या कायद्याच्या शिक्षणविषयक प्रकरणाप्रमाणे राहील. म्हणजे पुन्हा तिकडे बोट. वंचित गटाच्या व्याख्येत त्याचं नाव नव्हतं, त्यामुळे खाजगी शाळांतल्या पंचवीस टक्के राखीव जागांवरही त्याचा दावा नव्हता. दिव्यांग संघटनांनी आवाज उठवला आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्याला वंचित गटात घेतलं. त्याच दुरुस्तीत तीव्र आणि बहुविकलांग मुलाला गृहाधारित शिक्षणाचा पर्याय दिला गेला. मी या पर्यायाबद्दल साशंक आहे. ज्या मुलाला हलवणंच धोक्याचं, त्याला तो हवाच. पण शाळेला रॅम्प नाही, शौचालय अरुंद, मदतनीस नाही, अशा वेळी ‘घरीच शिकवू’ हे शब्द शाळेच्या बाजूने फार लवकर येतात. आठवड्याला एकदा येणारे विशेष शिक्षक आणि एरवी खाटेवरून दिसणारी खिडकी, याला शिक्षण म्हणायला माझं मन धजत नाही.

दरम्यान भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारावर सही केली आणि त्याच वर्षी तो मान्यही केला. त्याच्या २४ व्या अनुच्छेदात समावेशक शिक्षण आहे. त्या करारामुळे १९९५ चा कायदा बदलणं भाग होतं. नवा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा डिसेंबर २०१६ मध्ये झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सातांचे एकवीस प्रकार झाले. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, सिकलसेल, ॲसिड हल्ल्यातले बळी आत आले. विदर्भातल्या आदिवासी भागाला सिकलसेलचा समावेश किती महत्त्वाचा आहे, हे तिथल्या शिक्षकांना विचारावं. महिन्यातले आठ दिवस सांधेदुखीने गैरहजर राहणारी मुलगी पूर्वी कामचुकार ठरत असे. समावेशक शिक्षणाची व्याख्या या कायद्यात प्रथमच आली: दिव्यांग आणि इतर मुलं एकत्र शिकतात आणि शिकवण्याची पद्धत त्यांच्या गरजेनुसार बदलते. बदलायचं पद्धतीने, मुलाने नव्हे. शाळेने प्रवेश नाकारायचा नाही, इमारत सुगम करायची, वाजवी सोयी द्यायच्या, अध्ययन अक्षमता लवकर ओळखायची, गरज मोठी असेल तर मुलाच्या आणि त्याच्या सोबत्याच्या प्रवासाची व्यवस्था करायची. उल्लंघनाला दंड आहे.

पण ३१ वं कलम वाचताना एक अट खटकते. सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीने, मोफत शिकण्याचा हक्क आहे; मात्र त्याचं अपंगत्व चाळीस टक्के किंवा अधिक हवं. डोळ्याचे, कानाचे टक्के काढता येतात. शिकायला लागणाऱ्या मदतीचे कसे काढायचे? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये लेखनिकाबाबत हा काटा मोडला. हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला होता, कारण तो त्या टक्क्यांत बसत नव्हता. न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितलं, की वाजवी सोयीचा हक्क टक्केवारीच्या उंबरठ्यावर थांबत नाही. टक्क्यांच्या दाखल्यासाठी जिल्हा रुग्णालयाच्या बाकावर बुधवारच्या बुधवार मुलाला मांडीवर घेऊन ताटकळणाऱ्या आईपर्यंत हा निकाल अजून पोचलेला नाही.

खात्यांचा पेच मात्र या कायद्यानेही सुटला नाही. २०१६ चा कायदा केंद्रातल्या सामाजिक न्याय मंत्रालयाचा, २००९ चा शिक्षण मंत्रालयाचा. विशेष शिक्षकाची पात्रता ठरवते भारतीय पुनर्वास परिषद, ती पहिल्या मंत्रालयाखाली. साध्या शिक्षकाची ठरवते राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषद, ती दुसऱ्याखाली. विशेष शिक्षकाची नेमणूक करायची शिक्षण खात्याने, पण शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात २०२२ पर्यंत त्याचं पदच नव्हतं. पद नव्हतं म्हणून नेमणूक कंत्राटी. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सोशल ज्युरिस्ट या संस्थेच्या याचिकेवर दिल्लीतल्या शाळांना प्रत्येकी दोन विशेष शिक्षक नेमायला सांगितलं, ती सुरुवात. देशभरासाठी तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयात धसाला लागला २८ ऑक्टोबर २०२१ ला. विशेष शिक्षकांनीच केलेल्या याचिकेवर न्यायमूर्ती खानविलकर यांच्या पीठाने केंद्राला प्रमाण ठरवायला सांगितलं आणि तोवर प्राथमिकला दहा मुलांमागे एक, पुढे पंधरा मुलांमागे एक, असं प्रमाण घालून दिलं. २०२२ मध्ये केंद्राने परिशिष्टात बदल केला. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा राज्यांना बजावावं लागलं, की पदं मंजूर करा, जाहिरात द्या, भरती करा.

महाराष्ट्रात विशेष शिक्षक समग्र शिक्षा योजनेखाली वर्षानुवर्षं करारावर होते. दर काही महिन्यांनी करार संपणार, मग नवा होणार. पन्नाशीला आलेली माणसं त्याच मानधनात. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शाळांच्या केंद्र पातळीवर विशेष शिक्षकांची ४,८६० पदं निर्माण करून या माणसांना सामावून घ्यायचा निर्णय घेतला. दहा-पंधरा शाळांच्या एका केंद्राला एक शिक्षक. पाच वर्षांपूर्वीच्या मानाने हे पुष्कळ. न्यायालयाने सांगितलेल्या दहाला एकच्या मानाने अजून फार थोडं.

२०११ च्या जनगणनेत पाच ते एकोणीस वयाची ६५ लाखांवर दिव्यांग मुलं नोंदली गेली. त्यातली एकसष्ट टक्के शिकत होती. सत्तावीस टक्के कधीच शाळेत गेली नव्हती. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेबरोबर युनेस्कोने २०१९ मध्ये काढलेल्या अहवालात पाच वर्षांच्या दिव्यांग मुलांपैकी तीन-चतुर्थांश मुलं कोणत्याही शाळेत, बालवाडीत नसल्याचं दिसतं. ज्या वयात मेंदू सगळ्यात जास्त घेतो, त्या वयात ती घरी आहेत. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने पायाभूत टप्प्यापासून समावेशनाची भाषा केली आहे आणि भारतीय सांकेतिक भाषेला जागा दिली आहे. कर्णबधिर मुलांच्या दृष्टीने हे दुसरं कलम फार मोलाचं, कारण दशकानुदशकं त्यांना हात आवरून ओठ वाचायला लावलं गेलं.

विशेष शाळा बंद कराव्यात असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. तिथल्या बाईंना जे येतं ते साध्या शाळेत कुणालाच येत नाही, आणि कर्णबधिर मुलाला त्याच्या भाषेत बोलणारे सोबती तिथेच भेटतात. पण ती शाळा शिक्षण खात्याची असावी. तिथलं मूल सातवीनंतर गावच्या शाळेत जाऊ पाहतं, तेव्हा एका विभागाची हजेरी दुसऱ्या विभागात न्यायला दोन टेबलं फिरावी लागू नयेत. तिथल्या अनुभवी बाईंची बदली तालुक्याच्या मोठ्या शाळेत करता यावी.

मागच्या पावसाळ्यात मी एका जिल्हा परिषद शाळेत दिवसभर बसले होते. दोन खोल्या, बाहेर रॅम्प, रॅम्पच्या टोकाला तीन इंचांचा उंबरा. चौथीत सेरेब्रल पाल्सीचा एक मुलगा. वर्गशिक्षिकेने सांगितलं, तो रोज सकाळी आल्या आल्या विचारतो, “आज गुरुवार?” गुरुवारी विशेष शिक्षक येतात, मोटारसायकलवर, पाठीला मोठी पिशवी. त्यात मोठ्या अक्षरांचे तक्ते, मणी, लोकरीच्या दोऱ्याने केलेले आकडे. चाळीस मिनिटं त्याच्यासोबत बसतात आणि पुढच्या शाळेला निघतात. त्या मुलाला पेन्सिल धरता येत नसे, निसटायची. एका गुरुवारी सरांनी पेन्सिलीला केस कुरळे करायच्या स्पंजचा रोलर बसवून दिला. जाड झाली, मुठीत बसली. रोलर आठवड्यात फाटला. बाईंनी बाजारच्या दिवशी कटलरीच्या गाड्यावरून डझनभर रोलर आणले. मी विचारलं, “पावती घेतलीत?” त्या म्हणाल्या, “घेतली असती हो, पण लावायची कुठे? आमच्याकडे त्याला हेड नाही.” मुलगा तेवढ्यात ‘क’ काढत होता. त्याचा दांडा वहीच्या दोन ओळी ओलांडून खाली गेला होता.